सुटायची शिवण

नजमाला स्वस्थ बसता येत नाही, हे कासारवाडीतल्या तिच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. चहा पिता पिता ती दुसऱ्याच्या पर्सची चेन नीट करणार. मयताला गेली तरी सतरंजीचा उसवलेला काठ आधी तिच्या डोळ्यात भरणार. नऊ वर्षं ती चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत होती, आणि सुट्टीच्या दिवशी बाई करायची काय? तर लोकांच्या सॅक शिवायची! "हिला देवानं हात दिले आणि ब्रेक द्यायचा विसरला," असं शेजारची कस्तुरा म्हणायची.

तिच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात दोन आऱ्या, वाकड्या सुया, मेणाचा तुकडा, बुटाच्या सोलचा गोंद, चार जुनी बक्कलं, चेनचे रनर, कात्री, चिकटपट्टी आणि बॉबिनवर गुंडाळलेला जाड काळा नायलॉनचा दोरा. कंपनीतल्या क्वालिटी खात्यातला ज्ञानेश दर गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीला, पाचदहा जणांना घेऊन डोंगरात जायचा. दोन वर्षांपूर्वी नजमा एकदा सहज म्हणून गेली, वाटेत तिघांचे बूट आणि एक तंबू शिवून मोकळी झाली. तेव्हापासून तिच्याशिवाय टोळी हलत नव्हती. "डबा आला का?" असं आधी विचारायचे, मग बाकीच्यांची मोजदाद. नजमाला ते आवडायचं. का आवडू नये? नवरा अनिस गेल्यापासून तिची वाट बघणारं दुसरं होतं तरी कोण.

या गुरुवारी मात्र पाचच जण होते, आणि त्यातला एक पाठीवर बसून आला होता.

तो म्हणजे कस्तुराचा सासरा, सोपानराव. वय शहात्तर, वजन सेहेचाळीस किलो, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. महिन्यापूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि म्हाताऱ्याला सहा वर्षांनी स्वच्छ दिसायला लागलं. झालं, तेव्हापासून घरात एकच धोशा. "मला येसाईच्या डोंगरावर न्या. वरनं आमचं समदं रान दिसतं. कंपन्या आल्या तवापासनं म्या वरनं बघितलंच न्हाई." पोरगा ज्योतीराम एका कारखान्यात फिटर. त्याने आठ दिवस कानाला हात लावले आणि नवव्या दिवशी घडीची खुर्ची कापायला घेतली. तिच्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्याला त्याने जुन्या सॅकचे दोन पट्टे लावले. म्हातारा त्या खुर्चीत बसायचा, पोराच्या पाठीला पाठ लावून, तोंड मागे करून. "तुमी फुडचं बघा, म्या मागचं बघतो," म्हणत सकाळपासून मागून येणाऱ्यांची टिंगल करत चालला होता.

डोंगराच्या खांद्यावरच्या पठारावर पोचले आणि उजव्या पट्ट्याची शिवण उसवायला लागली. पट्टा वरच्या नळीला वळसा घालून परत स्वतःवरच शिवलेला होता, आणि ती शिवण घातली होती पिंपरीतल्या कुणा शिंप्याने.

"हे काय शिवलंय की चिकटवलंय?" नजमा फणकाऱ्याने म्हणाली आणि डबा उघडून तिथेच दगडावर बसली. आरी आत, दोरा ओढ, आरी बाहेर. चौकोन घातला, चौकोनात फुली घातली, दोरा दुहेरी घेतला, शेवटी गाठ मारून लायटरने टोक वितळवलं. वीस मिनिटांत काम फत्ते.

"आता हत्ती बसवा," ती म्हणाली.

"हत्ती कशाला, आमचे आबा आहेत ना," ज्योतीराम म्हणाला. त्याने खुर्ची उचलून दोनदा झटका दिला, पट्टा हलला नाही. नजमाचा चेहरा फुलला.

सोपानराव तिच्याकडे बघून हसले. "पोरीच्या हातात लक्ष्मी हाय."

अनिस गेला तेव्हा नजमाच्या दारात रोज सकाळी न बोलता दुधाची पिशवी ठेवणारा हाच म्हातारा. त्याचं बोलणं तिला दुसऱ्या कुणाच्या कौतुकापेक्षा जड वाटायचं.

ज्ञानेश आणि ज्योतीराम म्हाताऱ्याला घेऊन पुढे निघाले. नजमा मागे थांबली, कारण कस्तुराच्या बुटाचा सोल पुढून तोंड वासून बसला होता. "तुम्ही व्हा पुढे, कातळाच्या पायऱ्यांपर्यंत आम्ही गाठतोच," नजमा म्हणाली. पायऱ्या म्हणजे शेवटचा टप्पा, कड्यात खोदलेल्या तेवीस पायऱ्या. उजव्या हाताला कातळ, डाव्या हाताला काहीच नाही.

तिने बुटाला आधी गोंद लावला, मग टाके घालायला घेतले. कस्तुरा एका पायावर उभी राहून ज्योतीरामच्या नावाने बोटं मोडत होती. सातवा टाका घालून नजमाने दोरा घट्ट ओढला आणि तो तुटला.

टुक.

नजमाने तुटक्या टोकाकडे बघितलं. हा दोरा हाताने तुटतच नाही. बोट कापतं, रक्त येतं, पण दोरा तुटत नाही. म्हणून तर कात्री ठेवायची. तिने पुन्हा वीतभर दोरा घेतला, दोन्ही मुठींना गुंडाळला आणि झटका दिला. टुक. अगदी सहज.

तिने बॉबिन उचलून नीट बघितली.

सोमवारी कंपनीत तिची लाइन बदलली होती. नऊ वर्षं ती सीटच्या पाठीची मजबूत शिवण घालत होती, आणि सोमवारी सुपरवायझर अंजली मॅडमनी तिला एअरबॅगच्या मशीनवर बसवलं. गाडी धडकली की सीटच्या कुशीतून एअरबॅग फुगून बाहेर यायला हवी. म्हणजे तिथलं कव्हर फाटायलाच हवं. म्हणून तेवढ्या एका शिवणीला मुद्दाम कच्चा दोरा असतो, ठरलेल्या ताणाला सुटणारा. दिसायला तसाच, तेवढाच जाड, तेवढाच काळा. फरक फक्त दोरा गुंडाळलेल्या कोनावरच्या हिरव्या चिठ्ठीचा.

आणि बुधवारी शिफ्ट सुटताना नजमाने काय केलं होतं? नऊ वर्षं करत आली तेच. डाव्या हाताच्या कोनावरून डब्यातली बॉबिन भरून घेतली. डोळे घड्याळाकडे, तोंडात गप्पा, हात आपले आपण चाललेले. जित्याची खोड म्हणतात ती ही. मशीन बदललं, बाईचा हात बदलला नाही.

"काय झालं गं?" कस्तुराने विचारलं.

"काही नाही. आलेच." नजमाने डबा सॅकमध्ये कोंबला आणि ती पळत सुटली.

"अगं माझा बूट!"

बूट गेला खड्ड्यात. नजमा चढावर पळत होती, म्हणजे पळण्याचा प्रयत्न करत होती. वय एक्केचाळीस, वजन अडुसष्ट, आणि दिवसभर बसून करायची नोकरी. शंभर पावलांत छातीचा भाता झाला. फोन काढला तर रेंज नाही. वर बघितलं तर वाट कारवीच्या झुडपांत गडप. किती पुढे गेले असतील? अर्धा तास? ज्योतीराम ओझं घेऊन चालतोय, मध्ये मध्ये थांबतोय. पण प्रत्येक वेळी तो खुर्ची उचलतो तेव्हा पट्ट्याला झटका बसतोय, आणि झटका बसला की सुटायचं, यासाठीच तर तो दोरा केलाय.

दुहेरी घेतलाय, तिने स्वतःला समजावलं. फुली घातलीय. टिकेल. वर पोचले की हळूच पुन्हा शिवून टाकीन, कुणाला पत्ताही लागणार नाही. आणि पत्ता लागू नये यालाही कारण होतं. सीटच्या पाठीचा उरलासुरला दोरा बायका नेतात, त्याकडे कुणी बघत नाही. पण एअरबॅगचा दोरा हातभर जरी दाराबाहेर गेला तरी नोकरी जाते, हे सोमवारी त्याच ज्ञानेशने तिला वाचून दाखवलं होतं. खाली तिची सहीसुद्धा होती. या अल्लाह, कुठून बुद्धी झाली! टिकेल, टिकेल, असं म्हणत ती धावत होती, आणि पाय काही तिचं ऐकून हळू होत नव्हते.

झाडी संपली. समोर उघडा कातळ आणि त्यावर ते तिघं, पायऱ्यांच्या तोंडाशी.

"थांबा!" ती ओरडली. "ज्योतीभाऊ, चढू नका!"

वारा समोरून होता. ज्योतीरामची पाठ तिच्याकडे, ज्ञानेश त्याच्याही पुढे. तिच्याकडे तोंड होतं फक्त सोपानरावांचं. त्यांना ती दिसली. नव्या डोळ्यांनी लांबूनच ओळखली, आणि खूश होऊन त्यांनी हात हलवला. ज्योतीरामने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

नजमाला रडू आलं. रडत रडतच ती कातळावरून हातापायांवर चढली. पायऱ्यांपाशी पोचली तेव्हा ज्योतीराम नवव्या पायरीवर दम खात थांबला होता. पायरी दीड हात रुंद. तिथे खुर्ची खाली टेकवायला जागा नाही, वळायलाही नाही. ती भिंतीला घसटत चढत गेली आणि त्यांच्या खालच्या पायरीवर पोचली. म्हाताऱ्याचे पाय तिच्या छातीशी, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर.

"काय गं पोरी, भूत बघितल्यावानी तोंड का झालंय?"

"आबा," ती कुजबुजली, "माझी शिवण सुटतेय. चुकीचा दोरा लागलाय. हलू नका."

सोपानरावांनी मान न वळवता डावा हात वर नेला आणि खांद्यामागचा पट्टा चाचपला. "व्हय की. एक बाजू गेलीया." आवाज अगदी शांत. जणू बैलाचं जू चाचपतायत.

"ज्योतीभाऊंना सांगते."

"हळू सांग. त्यो दचाकला तर गरकन मागं वळंल. ल्हानपणापासनं तसाच हाय त्यो."

उजवा पट्टा सुटला की सगळा भार डाव्या पट्ट्यावर येऊन खुर्ची डावीकडे झुकणार. आणि डावीकडे खाली थेट कारवीचे शेंडे दिसत होते. नजमाने ओढणी काढली. ती तिने खुर्चीच्या वरच्या नळीला वळसा घालून घेतली.

"ज्योतीभाऊ, तिथेच उभे राहा," ती जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली. "पट्ट्याला आधार लावतेय. मागे बघू नका. एक टोक उजव्या खांद्यावरून देते, दुसरं काखेतून. ज्ञानेश सर, तुम्ही पुढून गाठ मारा. सगळा जोर लावून."

"काय झालं?" ज्योतीरामचा आवाज चढला.

"आधी गाठ!"

ज्ञानेश दोन पायऱ्या खाली आला. त्याने पहिली गाठ मारली, दुसरी मारायला घेतली आणि तेवढ्यात म्हाताऱ्याच्या कानामागे आवाज झाला. टुक, टुक, टुक, एकामागून एक, आणि पट्टा नळीवरून सरकन सुटला. खुर्ची हिसका देऊन डावीकडे कलली. नजमाने खांदा खाली घातला. सोपानरावांनी दोन्ही मुठींत तिचे केस धरले. ओढणी ताणली गेली, करकरली आणि धरून राहिली.

"टोक ओढ!" ज्ञानेश ज्योतीरामवर किंचाळला, आणि त्याने दुसरी गाठ मारली.

उरलेल्या चौदा पायऱ्या ते कसे चढले हे नंतर कुणालाच धड सांगता आलं नाही. ज्ञानेश पुढून ज्योतीरामचा पट्टा ओढत होता, ज्योतीराम तोंडाने देवाचं नाव आणि शिव्या आलटूनपालटून घेत होता, आणि नजमा डोक्याने खुर्ची तोलत एकेक पायरी वर सरकत होती. केस म्हाताऱ्याच्या मुठीत. दुखत होतं, पण सोडा म्हणायची छाती कुणाची होती?

वर सपाटीवर खुर्ची टेकली आणि ज्योतीराम जमिनीवर बसकण मारून लहान पोरासारखा रडला. मागून कस्तुरा आली, एका पायात बूट, दुसरा हातात. ज्ञानेशने तिला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "पट्टाच जुना होता हो. कुजलेला असणार. नशीब नजमाताई वेळेवर पोचल्या, नाहीतर आज काही खरं नव्हतं."

कस्तुराने नजमाला मिठी मारली. ज्योतीरामने तिचे पाय धरायला हात पुढे केले.

नजमाला वाटलं, हे असंच राहू दे. पट्टा कुजका, नशीब चांगलं, नजमाताई थोर. एवढं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसणं तिला कधी जमलंय का! तिने मिठी सोडवली. सोपानराव तिच्याकडेच बघत होते. ते काहीच बोलले नव्हते, आणि बोलणारही नव्हते, हे तिला कळलं. तेच जास्त टोचलं.

"पट्टा चांगला होता," ती म्हणाली. "दोरा मी चुकीचा लावला." तिने डबा उघडून बॉबिन ज्ञानेशच्या हातावर ठेवली.

ज्ञानेशने दोरा दोन बोटांत धरून ओढला. टुक. त्याचा चेहरा बदलला. तो कंपनीतला ज्ञानेश झाला. "हा तर एअरबॅगचा आहे."

"बुधवारी भरला. सवयीने. सोमवारपासून मी त्या मशीनवर आहे हे हाताच्या ध्यानातच नव्हतं."

"ताई, मला हे लिहावं लागेल. तुम्हाला कळतंय ना?"

"लिहा. उद्या पहिल्या शिफ्टला अंजली मॅडमना मी स्वतःच सांगणार आहे."

कस्तुरा दोन पावलं मागे सरकली. "आणि पळताना मला म्हणालीस, काही नाही? माझा नवरा वर, सासरा वर, आणि काही नाही?" तिचा आवाज फाटला. ज्योतीरामने पुढे केलेले हात मागे घेतले आणि तोंड फिरवलं. मार खाल्ला असता तर नजमाला बरं वाटलं असतं.

"आरं, म्या भांडणं ऐकाय आलूया व्हय वर?" सोपानराव खेकसले. "मला फिरवा तिकडं."

त्यांनी खुर्ची फिरवली. खाली चाकणपर्यंत शेडच शेड, पांढऱ्या, निळ्या, गाड्यांनी भरलेली पटांगणं, उन्हात चमकणारे पत्रे. म्हातारा बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला. मग बोट लांब केलं. "त्यो वढ्याचा वाक. त्याच्या आतल्या अंगाला आमची इहीर. त्या निळ्या पत्र्याखाली गेली." त्याने बोट खाली घेतलं. "बरं झालं. बघितलं एकदाचं. न्हाईतर डोळं कशाला नीट केलं म्हनायचं."

आता उतरायचं होतं, तेवीस पायऱ्या आणि पुढे सगळा डोंगर. डब्यात दुसरा दोरा नव्हता.

नजमाने आपली सॅक उलटी केली. ती तिने सहा वर्षांपूर्वी स्वतः शिवलेली, जुन्या मशीनवरच्या पक्क्या दोऱ्याने. कात्रीच्या टोकाने तिने तळाची शिवण उसवायला घेतली. टाका न तोडता, एकेक सोडवत. पाऊण तासाने हातात तीन वाव दोरा होता आणि सॅकला तळ नव्हता. प्रत्येक तुकडा तिने मुठींना गुंडाळून ओढून बघितला. बोटं कापली, दोरा तुटला नाही. मग मेण लावून तिने पट्टा शिवला. चौकोन, फुली, पुन्हा चौकोन. या वेळी कुणी गंमत केली नाही, आणि तिनेही हत्तीचं नाव काढलं नाही.

शिवून झाल्यावर तिने खुर्ची ज्योतीरामपुढे ठेवली. "आधी मी बसते."

"काय?"

"आबांपेक्षा बावीस किलो जास्त आहे माझं वजन. मला उचला, चाला, झटके द्या. काय सुटायचं ते माझ्याखाली सुटू दे."

ज्योतीरामने तिच्याकडे बघितलं. सकाळपासून तो ओझं घेऊन चढला होता. पण त्याने पट्टे खांद्यावर घेतले, ज्ञानेशने मागून आधार दिला, आणि नजमा हवेत उचलली गेली. ज्योतीराम सपाटीवरून चालला. मुद्दाम उड्या मारल्यासारखी पावलं टाकली, दोनदा खांदा जोरात झटकला. त्यात थोडा राग होता, आणि नजमाला तो पटला. ती डोळे मिटून कान मागे लावून बसली होती. नळी कुरकुरली. पट्टा कुरकुरला. टाक्यांचा आवाज काही आला नाही.

तो थांबला तरी ती उतरेना. "अजून एक फेरी मारा, ज्योतीभाऊ. उतारावरून."

"मेलो मी, ताई," ज्योतीराम धापा टाकत म्हणाला. पण ताई म्हणाला.

"अजून एकच."

दगडावर बसलेल्या सोपानरावांनी काठी आपटली. कस्तुराच्या खांद्याला धरून ते कसेबसे उभे राहिले, दोन पावलं पुढे आले आणि नव्या शिवणीवर बोटसुद्धा न फिरवता म्हणाले, "बास की आता. उतर खाली. माजी जागा हाय ती."